निसेलचा दोर

निसेल
शिंपल्यांचा महिना, दिवस सहावा

आत्या,

आपला दोर तुटला.

लिहिलेलं वाचलं तरी खरं वाटत नाही. काल दुपारी मी कालवण ढवळत होते. पायाखाली असा आवाज झाला, जसं बेटाच्या पोटात कुणी मोठं दार आपटलं. मडकं चुलीवरून सरकलं आणि अर्धं कालवण माझ्या पायावर आलं. रुवान छपरावर चटया बांधत होता, तो घसरून शेजारच्यांच्या कोंबड्यांत पडला. एरवी मी हसून लोळले असते. काल आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो, कारण जमिनीतला आवाज थांबला होता. केंबुराला बांधलेल्या त्या दोराला ओढ बसली की जमिनीतून येणारी ती गुणगुण तुला आठवते ना? मी जन्मल्यापासून ती ऐकतेय आणि ती ऐकू येते हेही मला काल पहिल्यांदा कळलं.

आज सकाळी उन्हं मागच्या खिडकीतून आली. आपल्या घरात उन्हं दारातून येतात, आजोबांनी घर तसंच बांधलंय. रुवान उठून मागच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "तेसली, घर फिरलंय." मी म्हटलं, "घर नाही, बेट फिरलंय." मग आम्ही दोघं खाली बसलो.

गोर्मा दोरकरणीनं शंख फुंकून सगळ्यांना जमवलं. ऐंशीची झाली तरी आवाज तोच आहे. तिनं सांगितलं, तुटलेला दोर म्हणजे प्रेत. त्याला हात लावायचा नाही, वर ओढायचा नाही. समुद्राचं समुद्राला. केंबुराच्या होड्या येतील, वल्ह्यांनी बेट मागं ओढतील, नवा दोर बांधतील. तेव्हापासून आमच्या त्रेचाळीस चुलींतलं माणूस न् माणूस धक्क्यावर बसून होड्यांची वाट बघतंय.

होड्या निघाल्या का? दोमेनदादा दोरघरात आहे, त्याला नक्की ठाऊक असेल. विचारून लगेच कळव.

तुझी तेसली

*

केंबुरा
शिंपल्यांचा महिना, दिवस सातवा

तेसले, आणि धक्क्यावर कान टवकारून बसलेल्या समस्त निसेलकरांनो,

चाळीस वर्षं केंबुरात नांदले म्हणून मी माहेरची रीत विसरले नाही. आलेलं पत्र आधी गाव ऐकणार आणि मग ज्याचं त्याला मिळणार. तेव्हा सगळ्यांनी नीट ऐका आणि गोर्माबाई, तुम्ही चष्मा पुसून घ्या.

घाबरू नका. मी काल पत्र मिळाल्या मिळाल्या टेकडीवर चढले. या गुडघ्यांनी चढले, हे लक्षात ठेवा. एरवी ताटाएवढं दिसणारं निसेल आता भाकरीएवढं दिसतं. म्हणजे लांब गेलंय, पण दिसतंय. पंचांच्या ओसरीवर बैठकांवर बैठका चालल्यात. होड्या तयार करताहेत म्हणतात. आमचे पंच तुम्हाला ठाऊकच आहेत, एक होडी पाण्यात लोटायची तर आधी तीन वेळा जेवतील.

दोमेनला विचारलं. म्हणाला, खाऱ्या किड्यानं खाल्ला असेल. पोराचं तोंड उतरलंय. ताटावर बसला आणि तसाच उठला. मेढीवरच्या गाठी तोच सांभाळतो, त्यामुळे मनाला लावून घेतलं असेल. माझं एकुलतं एक आहे, पण दहा जणांची काळजी करतं.

तुझं पत्र घेऊन पाखरू अर्ध्या दिवसात आलं. या मेल्याची एक बायको माझ्या छपरावर आणि दुसरी तुझ्या. दोन बायका, फजिती ऐका. पण त्याच्या या भानगडीमुळे निसेल कुठंही गेलं तरी पत्र पोचेल, तेव्हा त्याला दोन मासे जास्त घाल.

पायावर भाजलंय त्याला शेवाळ बांध. आणि त्या कोंबड्यांची माफी मागायला जावईबापू रुवानला पाठव.

तुझी आत्या,
ओमिरा

*

निसेल
शिंपल्यांचा महिना, दिवस दहावा

आत्या,

तुझं पत्र गोर्मानं वाचलं तेव्हा लोक चार दिवसांत पहिल्यांदा हसले. चष्म्याचं ऐकून गोर्माही हसली. पण होड्या आल्या नाहीत. आज केंबुराची टेकडी सकाळी दिसत होती आणि दुपारी दिसेनाशी झाली.

हे पत्र मी एकटीनं लिहितेय. जाणारं पत्र कुणी बघत नाही, म्हणून लिहायचं धाडस करतेय. हे मी रुवानलाही सांगितलेलं नाही.

धक्क्यावर आता एकच विषय आहे. दोर किड्यानं खाल्ला हे कुणाला पटत नाही. बाईच्या केसांचा दोर किडा खात नाही, खारं पाणी कुजवत नाही, हे लहान मूलही सांगेल. मग दोरासाठी दिलेल्या कुणाच्या तरी वेणीत खोट होती. बायका एकमेकींच्या डोक्याकडे बघताहेत. परवा एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "वेणीच्या दिवशी कुणाची वेणी बारीक होती गं?" मी मान खाली घालून मीठ निवडत होते. मिठात निवडायला काय असतं?

आत्या, माझी वेणी माझी नव्हती.

गेल्या वादळांत मला दिवस गेले होते, ते तुला कळवलं होतं. चौथ्या महिन्यात ते गेलं, तेही कळवलं. त्यानंतर केस मुठीमुठीनं गळायला लागले, ते मात्र लिहिलं नव्हतं. वेणीचा दिवस आला तेव्हा माझ्या डोक्यावर उंदराच्या शेपटीएवढं उरलं होतं. ते घेऊन गोर्मासमोर गेले असते तर सगळ्या बेटानं म्हटलं असतं, हिचं पोट रिकामं, हिचं डोकं रिकामं, हिच्या घरावर काहीतरी आहे. मला ते सोसवलं नसतं. आमची काळी बकरी आहे, तिचे पाठीचे केस कापले, तेल लावून पीळ दिला, आणि वेणी म्हणून देऊन आले. डोक्याला महिनाभर फडकं बांधून फिरले. गोर्मानं ती वेणी हातात घेऊन म्हटलं, "तेसली, तुझ्या केसाला राठपणा आलाय." मी म्हटलं, "आजारपणानं." त्या वेणीचा पेड मी माझ्या डोळ्यांनी दोरात जाताना बघितला.

तो पेड सुटला असणार. त्रेचाळीस चुली माझ्या एका बकरीमुळे वाहत चालल्या आहेत. मला जेवण जात नाही.

तुझ्याखेरीज हे कुणाला सांगू? तू मला सांग, माझ्या बकरीमुळेच झालं का? दोमेनदादानं टोक बघितलं असेल. पण उत्तरात बकरीचा उल्लेख करू नकोस. माझ्यामुळे झालं असेल तर लिही, कालवण बिघडलं. माझ्यामुळे नसेल तर लिही, कालवण बरं झालं. मी समजेन.

तेसली

*

केंबुरा
शिंपल्यांचा महिना, दिवस तेरावा

तेसली,

तुझं पत्र काल मिळालं. पाखराला दोन दिवस लागले आणि पत्र भिजून आलं. खालच्या ओळी पुसल्या गेल्या आहेत. वाचता आलं तेवढ्याचं उत्तर देते.

वेणीच्या दिवशी तू स्वतःच्या केसांऐवजी बकरीचे केस दिलेस, हे वाचून मी सुन्न झाले. असं व्हायला नको होतं. इथं पंचांचंही म्हणणं आहे की दोष निसेलच्या बाजूला असावा. केंबुराच्या टोकाला, मेढीपाशी, काहीही झालेलं नाही.

झालं ते झालं. गोर्माबाईंची माफी माग. पुढच्या वर्षी केस वाढले की दोन वेण्या दे.

होड्यांचं सांगता येत नाही. वारा उलटा आहे.

ओमिरा

*

निसेल
शिंपल्यांचा महिना, दिवस एकोणिसावा

आत्या,

तुझं पत्र सोळाव्या दिवशी आलं. तेव्हापासून मला लेखणी हातात धरवत नव्हती, म्हणून तीन दिवस उशीर झाला.

गोर्मानं नेहमीसारखं उभं राहून वाचायला सुरुवात केली. लोक हसायच्या तयारीत होते, तुझं पत्र म्हटल्यावर हसणारच. बकरीपाशी ती थांबली. तिला वाटलं आपण चुकीचं वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि ती ओळ पुन्हा वाचली, अगदी सावकाश. कुणी ओरडलं नाही, आत्या. कुणी शिवी दिली नाही. माझ्या बाजूला बसलेल्या बायका फक्त थोड्या सरकल्या. माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी झाली.

रुवान म्हणाला, "खोटं आहे. आत्याबाईंचा काहीतरी गैरसमज झालाय." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोक्यावरचं फडकं सोडलं. अजूनही केस बोटाएवढेच आहेत.

तुला मोकळी होडी आठवते? धक्क्याच्या टोकाला उलटी घालून ठेवलेली, लहानपणी जिच्यावर बसलं की मार मिळायचा? ती काल सरळ केली. भोकं डांबरानं बुजवताहेत. ज्यानं दोरात खोट घातली त्यानं बेटावर राहायचं नाही, असा कायदा आहे. अमावास्येला मला तिच्यात बसवतील. एक घागर पाणी, तीन भाकऱ्या, वल्हं नाही. होडीत बसल्यावर माझ्याशी कुणी बोलायचं नाही. गोर्मा हे सांगताना रडत होती, पण सांगत होती. म्हणाली, "पोरी, तुझ्या जागी माझी मुलगी असती तरी हेच केलं असतं." खरं आहे. ती करेल.

रुवाननं तिचे पाय धरले. मग म्हणाला, मीपण बसतो होडीत. त्यालाही कायदा नाही म्हणतो.

मी तुला दोष देत नाही. खालच्या ओळी पुसल्या, त्याला तू काय करणार? मीच ते वर लिहायला हवं होतं. महत्त्वाचं आधी लिहावं, हे तूच मला शिकवलं होतंस.

आता एकच वाट आहे. अमावास्येच्या आत बेट पुन्हा बांधलं गेलं तर शिक्षा राहत नाही, असं गोर्मा म्हणते. आज एकोणीस तारीख, नऊ दिवस हातात आहेत. पंचांच्या दारात जाऊन बस. दोमेनदादाला सांग, निदान एक होडी घेऊन ये. तो माझ्यासाठी येईल. लहानपणी मी बुडत होते तेव्हा त्यानंच केसांना धरून बाहेर काढलं होतं. तेव्हा केस होते.

तेसली

*

केंबुरा
शिंपल्यांचा महिना, दिवस पंचविसावा

गोर्माबाई,

हे पत्र तुमच्यासाठी आहे. उभं राहून, मोठ्यानं वाचा. मध्ये थांबू नका आणि एकही शब्द गाळू नका.

तेसलीचं पत्र मला आत्ता मिळालं. पाखराला सहा दिवस लागले. अमावास्या तीन दिवसांवर आहे. मला हिशेब कळतो, तरी लिहितेय, कारण दुसरं काही हातात नाही. देव करो आणि वारा पाठीमागून येवो.

होड्या येणार नाहीत. त्या कधी निघाल्याच नव्हत्या.

निसेलचा दोर तुटलेला नाही. तो कापला.

केंबुराची मेढ, जिला पाचही तरती बेटं बांधलेली आहेत, तिला दोन वर्षांपासून भेग पडलीय. आधी सुरीचं पातं जाईल एवढी होती, आता तिच्यात माझा हात जातो. भेगेतून खारं पाणी वर येतं. पंचांनी ठरवलं, ओझं कमी करायचं. पाचांतलं एक सोडायचं. सगळ्यांत लहान निसेल, त्रेचाळीस चुली. तुम्हाला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही होड्या भरून केंबुराला याल आणि इथं तुम्हाला ठेवायला जागा नाही. दोर आपोआप तुटला असं म्हणायचं ठरलं.

कुऱ्हाड माझ्या दोमेनच्या हातात होती.

मी हे नवव्या दिवशी ओळखलं. चार दिवस पोरगा जेवत नव्हता, म्हणून मी भाकरी घेऊन दोरघरात गेले. मेढीवर निसेलचा वीतभर दोर उरला होता. तुटलेला दोर झाडूसारखा फुलतो, हे तुम्हीच मला शिकवलंत गोर्माबाई. हा मुळा कापावा तसा सपाट होता. मी दोमेनकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं." मी म्हटलं, "मग दुसऱ्याला करू द्यायचं होतंस." तो म्हणाला, "त्यांनी मुद्दाम मला सांगितलं. तू निसेलची. तुझा मुलगा गप्प राहिला तर तू गप्प राहशील." मी भाकरी तिथंच ठेवून घरी आले आणि गप्प राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हा तेराव्या दिवशीचं पत्र लिहिताना मला सगळं ठाऊक होतं. तेसलीच्या बकरीचा दोराशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं लिहिलं. मला वाटलं, गाव चार दिवस तिला बोलेल आणि विसरेल. मोकळी होडी तुम्ही एव्हाना चुलीत घातली असेल, असं मला वाटलं होतं. माझ्या आजोबांच्या वेळेनंतर तिच्यात कुणाला बसवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवावा? ठेवू नका. दोर वर ओढा. तो प्रेत नाही, त्याचा खून झालाय. केंबुराकडचं टोक बघा आणि मग ठरवा.

पोरीला होडीत बसवू नका. बसवली असेल तर शोधा.

दोमेनचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलंय हे मी त्याला आज सांगणार आहे.

ओमिरा, निसेलच्या तोलूची मुलगी

*

निसेल
वाऱ्यांचा महिना, दिवस चौथा

आत्या,

मी जिवंत आहे. महत्त्वाचं आधी.

तुझं पत्र या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. अमावास्या होऊन चार दिवस झाले होते आणि मी होडीत होते. पण झालं काय ते ऐक, कारण ते अजून आमच्यापैकी कुणाच्या पचनी पडलेलं नाही.

मला अमावास्येला सकाळी बसवलं. रुवाननं होडी लोटली, कारण कायद्यानं ती घरच्यानंच लोटायची असते. त्याचे हात होडीवरून निघेनात, तेव्हा दोघांनी ते काढले. सगळं बेट माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं. होडी नजरेआड जाईपर्यंत पाठ करायची असते. मी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तर धक्का तिथंच होता, हाकेच्या अंतरावर. लोक अजून पाठ करून उभे होते.

आत्या, होडी कुठं जाणार? कायदा बांधलेल्या बेटासाठी केलेला. बेट जागेवर राहायचं आणि होडी वाहून जायची. आता बेटही त्याच पाण्यावर वाहतंय. जिकडे ते तिकडे मी. दुपारपर्यंत म्हाताऱ्यांचे पाय दुखायला लागले आणि एकेकजण वळून बघायला लागला. गोर्मा वळली तेव्हा मी तिच्यासमोर होते. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. तिनं तोंडावर पदर घेतला.

चार दिवस मी तशी होते. सकाळी बायका मिठाचं पाणी न्यायला यायच्या, मला बघायच्या, घागरी अर्ध्या भरून पळायच्या. मुलं विचारायची, "तेसलीकाकी तिथं काय करते?" आणि आया त्यांच्या पाठीत धपाटे घालायच्या. माझ्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून रुवान बकरी घेऊन काठावर बसायचा आणि बकरीशी बोलायचा, ओरडून. "काळे, तुझी मालकीण असती तर म्हणाली असती, भाकरी करपली. करपलीच आहे. काळे, शेजाऱ्यांची कोंबडी आजपण मला बघून पळाली. काळे, पाणी पुरवून पी गं, एकदम पिऊ नकोस." मी घोट घोट पीत होते. तिसऱ्या दिवशी भाकरी संपली. चौथ्या दिवशी पाणी.

महिन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाखरू आलं. गोर्मानं पत्र उघडलं, वरची ओळ बघितली आणि उभी राहिली. तिनं तू सांगितलंस तसंच वाचलं, न थांबता. वारा माझ्याकडे होता, प्रत्येक शब्द मला ऐकू आला. 'कापला' हा शब्द ऐकून मला वाटलं, तहानेनं माझं डोकं फिरलंय. दोमेनदादाचं नाव आलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. ज्या हातानं मला पाण्यातून काढलं त्याच हातानं, आत्या. मी अजून ते एकत्र धरू शकत नाही.

वाचून झाल्यावर गोर्मा म्हणाली, "दोर ओढा." एवढंच. बेटावरचं झाडून सगळं माणूस लागलं, पोरंसुद्धा. दोनशे वाव दोर. संध्याकाळी टोक वर आलं. मुळ्यासारखं सपाट, तू म्हटलंस तसं. आणि त्याच्या अलीकडे माझ्या बकरीचा पेड होता, जसा घातला तसा. एक धागा सुटलेला नव्हता. गोर्मा त्यावर बोटं फिरवत बसून राहिली. मग तिनं त्याच दोराचं टोक माझ्याकडे फेकलं आणि मला आत ओढून घेतलं. मला मिठी मारून म्हणाली, "मला आता कुणी कायदा विचारू नका. मला काही कळत नाही."

कुणालाच काही कळत नाहीये. माणसं चालता चालता थांबतात. काल एक म्हातारा मला वाटेत भेटला आणि नुसता हात जोडून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "भाकरी खाल्लीत का?"

चटया सोडून शिडं शिवायला घेतली आहेत. केंबुराला परत जायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दक्षिणेला पाण्याचा रंग बदललेला दिसतो, तिकडे जमीन असेल तर असेल.

आता मला एक विचारायचं आहे. हे पाखरू परत इथवर पोचेल की नाही, ठाऊक नाही, तरी विचारते. माझं ते दहाव्या दिवसाचं पत्र. त्याच्या खालच्या ओळी पुसल्या गेल्या, असं तू लिहिलं होतंस. होडीत मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी चार दिवस त्याचाच विचार करत होते. त्या आठवड्यात पाऊस नव्हता. समुद्रही शांत होता.

बकरीचं नाव काढू नकोस, ही ओळ तुला वाचता आली होती का? हो किंवा नाही, एवढंच लिही. पुढच्या पत्रात तू इतकं सगळं कबूल केलंस आणि याबद्दल काहीच बोलली नाहीस. नाही म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन. आणि मग तू माझी तीच आत्या.

तेसली

*

केंबुरा
वाऱ्यांचा महिना, दिवस तेरावा

तेसले,

पाखराला नऊ दिवस लागले. तू जिवंत आहेस, ही पहिली ओळ वाचून मी उंबऱ्यातच बसले. पुढचं वाचायला अर्धा दिवस गेला.

इथलं थोडक्यात सांगते. मी दोमेनला सांगितलं. त्यानं आपलं ताट उचललं आणि शेजारी जाऊन जेवला. तेव्हापासून तो तिथंच जेवतो. मग मी मासळीबाजारात उलट्या घातलेल्या पाटीवर उभी राहून सगळं ओरडून सांगितलं. पंचांनी म्हटलं, म्हातारीला भ्रम झालाय. पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार बेटांची माणसं आली आणि आपापल्या दोरापाशी पहारा देत बसली. आता ती तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. पंचांनी दोमेनला दोरघरातून काढलं. दोर कापला म्हणून काढला असं समजू नकोस. आईला कळू दिलं म्हणून काढला.

आता तुझं.

तुझं ते पत्र मी मागल्या दारी बसून वाचलं होतं. दोनदा वाचलं. कालवणाची ओळ वाचून मला हसूसुद्धा आलं, की पोरगी माझ्यासारखीच चतुर निघाली. मग माझ्या लक्षात आलं की कालवण बरं झालं असं लिहिलं तर तू सुटशील आणि गाव दुसरं कारण शोधायला लागेल. आज ना उद्या कुणीतरी दोर वर ओढेल. आणि बिघडलं असं लिहिलं तर फक्त तुलाच कळेल, गावाला नाही. गावाला कारण मिळायला हवं होतं, धक्क्यावर, सगळ्यांसमोर. माझ्या पोराचं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून मी तुझं नाव दिलं. त्याला फार वेळ लागला नाही. हे मला सगळ्यांत जास्त छळतं. दिवा लावायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

हो, तेसले. ती ओळ मला स्वच्छ दिसली होती. पत्र कोरडं होतं.

गोर्माबाई, तुम्ही हे वाचत असाल तर तिच्याकडे न बघता वाचा.

नाही म्हणालीस तर विश्वास ठेवीन, असं तू लिहिलंस. तू ठेवला असतास, हे मला ठाऊक आहे. म्हणून 'नाही' तेवढं मला लिहवलं नाही.

ओमिरा